हातभर विमान, आभाळभर ध्यास

संध्याकाळ उतरू लागते. आभाळ आधी नारिंगी, मग जांभळं, मग काळंनिळं होतं. धावपट्टीच्या दोन्ही कडांचे दिवे उजळतात. टर्मिनलच्या काचांमागे प्रवाशांची गर्दी दिसते. इंधनाचा टँकर एका विमानाच्या पंखाखाली जाऊन उभा राहतो, सामानाच्या गाड्यांची माळ वळण घेते. एवढ्यात ढगांतून दोन प्रखर दिवे दिसू लागतात. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा, पोटाखाली लुकलुकणारा तांबडा. विमान नाक किंचित वर धरून खाली येतं, मागची चाकं टेकतात, मग पुढचं चाक, आणि ते शहाण्यासारखं वळून आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभं राहतं.

या विमानाला कुणी वैमानिक नाही, कारण त्यात बसायला जागाच नाही. त्याची लांबी जेमतेम हातभर. टर्मिनलमधल्या प्रवाशांची उंची दोन सेंटीमीटर. आणि हे सारं घडतं ते जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातल्या एका जुन्या गोदामात! विमानतळाचं नाव क्नुफिंगेन. जगाच्या नकाशावर शोधू नका, सापडणार नाही. ते गावही खोटं आणि विमानतळही खोटा. खरी आहे ती त्यामागची सहा वर्षांची मेहनत आणि त्यापायी खर्च झालेले ३५ लाख युरो.

खेळण्यातल्या विमानासाठी एवढा खटाटोप? हा प्रश्न कुणालाही पडेल. पण खऱ्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती बनवणं, तिचे दिवे लावणं, पंखा फिरवणं, चाकं आतबाहेर करणं हा छंद जगभर पसरलेला आहे. त्यात शाळकरी मुलं आहेत तसे निवृत्त आजोबाही आहेत. कुणी त्यापायी कॉलेज सोडलं, तर एका महायुद्धात या ‘खेळण्यां’वर माणसांचे जीव अवलंबून होते.

जुळ्यांचं वेड

गोष्ट २००० सालच्या जुलै महिन्यातली. हॅम्बुर्गमध्ये डिस्कोथेक चालवणारा फ्रेडरिक ब्राउन सुटीसाठी झुरिचला गेला होता. तिथे हिंडताना तो मॉडेल रेल्वेच्या एका दुकानात शिरला आणि लहानपणी पाहिलेलं स्वप्न एकदम जागं झालं. जगातली सगळ्यात मोठी मॉडेल रेल्वे आपणच का उभारू नये? त्याने लगेच हॅम्बुर्गला आपल्या जुळ्या भावाला, गेरिटला फोन लावला. गेरिटला आधी वाटलं, भावाचं डोकं ठिकाणावर नाही. पण जुळेच ते! थोड्याच दिवसांत दोघांनाही एकाच वेडाने झपाटलं. स्टेफान हर्ट्झ हा भागीदार त्यांच्या जोडीला होता. २००१ च्या ऑगस्टमध्ये ‘मिनिआटूर वुंडरलँड’ म्हणजे ‘चिमुकली अद्भुतनगरी’ लोकांसाठी खुली झाली.

ज्या भागात ती आहे तो स्पायखरश्टाट म्हणजे कालव्यांच्या काठाने उभ्या असलेल्या विटांच्या जुन्या गोदामांचा परिसर. कधीकाळी इथे कॉफी, मसाले, गालिचे साठवले जायचे. २०१५ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आता यातल्या एका गोदामात पंधरा किलोमीटरहून अधिक लांबीचे चिमुकले रूळ पसरले आहेत आणि जगातली सर्वांत मोठी मॉडेल रेल्वे म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे. ऑस्ट्रिया, अमेरिका, स्कँडिनेव्हिया, स्वित्झर्लंड असे एकेक भाग जोडले गेले. दर पंधरा मिनिटांनी तिथे रात्र होते आणि लाखो इवले दिवे लागतात.

रेल्वे धावली, मोटारी धावल्या, खऱ्या पाण्यात जहाजंही फिरू लागली. मग पुढे काय? विमानतळ! विमान नुसतं उभं करून ठेवायचं तर कामाचं काहीच नव्हतं, तसं कुणीही करतं. पण ब्राउन बंधूंना ते उडायला हवं होतं. तंत्रज्ञानाची बाजू गेरिटची. एरवी एखादा नवा देश उभारायला जेवढा वेळ लागे, त्याच्या कितीतरी पट वेळ या विमानतळाने खाल्ला. ४ मे २०११ रोजी दीडशे चौरस मीटरचा हा विमानतळ सुरू झाला तेव्हा कामाला लागून सहा वर्षं झाली होती.

पंखांचं गणित

सहा वर्षं कशाला लागली? विमान छोटं केलं, मोटर बसवली, पंख आहेतच, मग उडेल की! पण इथेच खरी मेख आहे.

क्नुफिंगेनमध्ये सगळ्या वस्तू खऱ्यापेक्षा ८७ पटींनी लहान आहेत. मॉडेल रेल्वेवाल्यांचं हे आवडतं प्रमाण. साडेएकोणचाळीस मीटरचं बोइंग ७३७-८०० या मापात ४५ सेंटीमीटरचं होतं, तर एअरबसचं अवाढव्य ए-३८० सुमारे ८४ सेंटीमीटरचं. आता वजनाचा हिशेब बघा. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ८७ पटींनी घटतात, म्हणजे वजन ८७ ला तीनदा गुणून येणाऱ्या आकड्याने, सुमारे साडेसहा लाख पटींनी घटायला हवं. सत्तर टनांचं विमान या हिशेबाने फक्त १०६ ग्रॅमचं होईल. दोन बटाट्यांएवढं!

आता वेग. खरं विमान ताशी २६० किलोमीटरच्या आसपास जमीन सोडतं. आपल्या छोट्या जगात ते खरं वाटायचं तर वेगही ८७ पटींनी कमी हवा, म्हणजे ताशी तीन किलोमीटर. बाजारातून पिशव्या घेऊन परतणारी गृहिणीही याहून भराभर चालते. आणि विमानाला हवेत उचलणारा जोर पंखांच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. क्षेत्रफळ दोनदा ८७ ने भागलं गेलं, वेगाचा वर्गही दोनदा. म्हणजे वजन ८७ ने तीनदा भागलं आणि उचलणारा जोर चारदा! तात्पर्य, या वेगाने पंख विमानाच्या वजनाचा जेमतेम ८७ वा हिस्सा पेलतील. खरोखर उडायचं तर वेग नऊपटीहून जास्त, ताशी २८ किलोमीटरच्या आसपास हवा. मग चौदा मीटरची धावपट्टी दोन सेकंदांत संपेल आणि विमान समोरच्या भिंतीवर आदळेल.

म्हणून ब्राउन बंधूंच्या माणसांनी निसर्गाशी भांडण न करता त्याला वळसा घातला. धावपट्टीखाली लपलेला एक सरकता गाडा आहे. विमान धावपट्टीच्या टोकाला आलं की खालून दोन बारीक दांड्या येऊन त्याला धरतात. गाडा वेग घेतो, दांड्या आधी नाक उचलतात, मग सबंध विमान. पाहणाऱ्याची नजर दिव्यांवर आणि पंखांवर असते, त्याला दांड्या जाणवतही नाहीत. विमान वर चढत जातं आणि भिंतीतल्या ढगांआड गडप होतं. उतरताना हाच प्रकार उलटा. पडद्यामागे या विमानांचा एक गुप्त तळ आहे. तिथे ती आपली पाळी येईपर्यंत थांबतात. सुमारे चाळीस विमानं आळीपाळीने ही ये-जा करतात.

जमिनीवरचं हिंडणं वेगळं. जर्मनीतल्या फालर या खेळण्यांच्या कंपनीने १९८९ साली चिमुकल्या मोटारींसाठी एक युक्ती आणली होती. रस्त्याखाली बारीक लोखंडी तार पुरायची आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी चुंबक लावायचं. गाडी स्वतःच्या बॅटरीवर चालते आणि तारेच्या मागोमाग वळते. क्नुफिंगेनची विमानं याच धर्तीवर हिंडतात, म्हणून ती आपल्या मनाने चालल्यासारखी दिसतात.

हॅम्बुर्गच्या खऱ्या विमानतळावर सव्वातीन आणि पावणेचार किलोमीटरच्या आसपासच्या दोन धावपट्ट्या आहेत. त्यातली धाकटी जरी प्रमाणात बनवली असती तरी सदतीस मीटर लांब झाली असती. तेवढी जागा गोदामात नव्हती, म्हणून ती चौदा मीटरवर आणली. नेमकं कुठे तडजोड करायची आणि कुठे मुळीच नाही, हे ज्याला कळलं त्याला मॉडेलिंग कळलं असं म्हणायला हरकत नाही!

दिव्यांची भाषा

विमानाच्या दिव्यांबाबत मात्र तडजोड नसते. कारण ते दिवे शोभेसाठी नसतातच. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा ही पद्धत विमानांनी जहाजांकडून उचलली. अंधारात समोर लाल दिवा उजवीकडे आणि हिरवा डावीकडे दिसला तर वैमानिकाने ओळखावं की ते विमान आपल्याच रोखाने येतंय. नुसता पांढरा दिसला तर ते आपल्यापुढे चाललंय.

पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा तांबडा दिवा असतो तो बीकन. इंजिन सुरू करण्याआधीच तो लावतात, म्हणजे खालच्या माणसांनी दूर व्हावं. मिनिटाला ४० ते १०० वेळा तो मिचकावतो. पंखांच्या टोकांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे चमकतात ते स्ट्रोब. धावपट्टीवर प्रवेश करताना ते सुरू होतात. आणि उतरताना समोर प्रकाशाचा झोत टाकतात ते लँडिंग लाइट. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी रात्री गच्चीवर जाऊन पाहावं. बहुतेक एअरबस विमानांचे स्ट्रोब लागोपाठ दोनदा चमकतात, तर बहुतेक बोइंगचे एकदाच. घरातल्या मुलांना हे एकदा दाखवलं की ती पुन्हा कधी नुसतं ‘विमान गेलं’ म्हणणार नाहीत.

मॉडेल बनवणाऱ्याचा खरा कस इथेच लागतो. नुसते दिवे लागले म्हणजे झालं नाही. बीकन कोणत्या गतीने मिचकावतो, स्ट्रोब किती क्षणभर चमकतो, कोणता दिवा कधी लागतो, हे चुकलं तर जाणकार दुरूनच हसतात.

कागदाचं एअर इंडिया

हॅम्बुर्गमागे मोठी संस्था होती, पैसा होता, कारागिरांची फौज होती. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लुका याकोनी-स्टुअर्टकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे होत्या मनिला फायली. आपल्याकडच्या कचेऱ्यांत कपाटं भरून दिसतात तशा जाड, पिवळट कागदाच्या फायली. फिलिपिन्समधल्या मनिला हेंप नावाच्या धाग्यापासून हा कागद पूर्वी बनायचा, म्हणून हे नाव.

लुका शाळेत असताना वास्तुरचनेच्या तासाला या कागदाची छोटी घरं करायला शिकला. विमानांचं वेड लहानपणापासूनचं. २००८ साली त्याने दोन्हींची सांगड घातली आणि बोइंग ७७७-३००ईआर हे विमान साठपट लहान करून कागदात उभारायला घेतलं. कोणत्या कंपनीचं? तर एअर इंडियाचं! देशप्रेम किंवा महाराजाचं आकर्षण यामागे नव्हतं. एअर इंडियाच्या विमानातल्या आसनांचा अतिशय तपशीलवार नकाशा त्याच्या हाती लागला होता, एवढंच साधं कारण.

प्रत्येक भाग तो संगणकावर रेखायचा, कागदावर छापायचा, धारदार पात्याने कापायचा आणि चिमट्याने धरून चिकटवायचा. रंग नाही, प्लास्टिक नाही, धातू नाही. साधारण सव्वा मीटर लांबीच्या या विमानाची दारं उघडतात, चाकं दुमडून पोटात जातात, इंजिनाची झाकणं उघडून आतले नळ दिसतात. आसनांची गंमत तर ऐकण्यासारखी. साध्या वर्गाची एक खुर्ची करायला त्याला वीस मिनिटं लागायची, बिझनेस क्लासच्या एका आसनाला चार ते सहा तास आणि फर्स्ट क्लासच्या आसनाला तब्बल आठ तास! एअर इंडियाच्या त्या विमानात फर्स्ट क्लासची ४, बिझनेसची ३५ आणि साध्या वर्गाची ३०३ आसनं होती. हिशेब केला तर नुसत्या खुर्च्यांसाठीच तीनशे तास होतात. म्हणजे रोज आठ तास बसलं तरी सव्वा महिना! आणि त्या खुर्च्यांवर कुणी बसणार नव्हतं, विमान बंद झाल्यावर त्या धड दिसणारही नव्हत्या.

मन लागेना तेव्हा काम बाजूला पडायचं. केलेला भाग पसंत पडला नाही की तो मोडून पुन्हा करायचा. दरम्यान शाळा संपली, न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार या नामवंत कॉलेजात प्रवेश मिळाला. आणि मग लुकाने तो निर्णय घेतला जो ऐकून कुठल्याही आईवडिलांच्या पोटात गोळा येईल. या विमानाला जास्त वेळ देता यावा म्हणून त्याने कॉलेज सोडलं.

यात शहाणपणा होता की वेडेपणा? आपल्याकडच्या घरात असं झालं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करणं अवघड नाही. शेजारपाजारचे, काका, मामा सगळे समजूत घालायला आले असते. ‘आधी डिग्री घे, मग काय ते विमान कर!’ आणि त्यांचं अगदीच चुकलं असतं असंही नाही. कागदाचं विमान पोट भरत नाही. अशा ध्यासाच्या मागे गेलेल्या प्रत्येकाला यश मिळतंच असंही नाही. नाव निघतं ते एखाद्याचंच.

२०१४ च्या सुरुवातीला त्याच्या विमानाची छायाचित्रं जगभर झळकली. तोवर विमानाचा सांगाडा, आसनं, इंजिनं, शेपटी झाली होती आणि पंख राहिले होते. सहा वर्षं झाली होती, हॅम्बुर्गच्या विमानतळाला लागली तेवढीच. फरक एवढाच की इथे हात दोनच होते. पुढे सिंगापूर एअरलाइन्सने आपल्या जाहिरातीसाठी त्याच्याकडून ए-३८० चं कागदी मॉडेल करवून घेतलं. ज्याला लोक वेळेचा अपव्यय म्हणत होते त्या कामाला कामाचा मोबदला मिळाला. कॉलेज सोडण्याचं समर्थन यातून होतं का, हे ज्याने त्याने ठरवावं. पण डोळ्यांत तेल घालून केलेलं काम डोळ्यांत भरतं, हे मात्र सिद्ध झालं.

पाच लाख मॉडेल्सची फौज

छोट्या विमानांना मोठ्या माणसांनी खरं गांभीर्याने घेतलं ते दुसऱ्या महायुद्धात. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे काही सेकंदांत ओळखावं लागे. चुकलं तर एक तर बाँब पडणार किंवा आपल्याच तोफेने आपलाच वैमानिक मरणार. नुसती चित्रं पाहून हे जमत नव्हतं. चित्र एका बाजूने दिसतं, विमान कुठल्याही बाजूने येतं.

१९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने देशभरातल्या शाळांना साद घातली. पन्नास प्रकारच्या विमानांची प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख मॉडेल्स विद्यार्थ्यांनी लाकडातून कोरून द्यावीत! प्रमाण ठरलं एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंच. काळ्या रंगात रंगवलेलं असं मॉडेल पस्तीस फुटांवरून पाहिलं की जवळजवळ अर्ध्या मैलावरचं खरं विमान पाहिल्यासारखं दिसतं. मुलांच्या हातची ही विमानं समोर धरून सैनिकांनी ओळखीचा सराव केला.

एकास बहात्तर हे प्रमाण ब्रिटनमध्ये तिसाच्या दशकातच ‘स्कायबर्ड्‌स’ नावाच्या लाकडी मॉडेल्सनी रूढ केलं होतं. १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या मालिकेने प्लास्टिकची जोडायची विमानं आणली. युद्धानंतर या छंदाला बहर आला तो ‘एअरफिक्स’मुळे. हंगेरीहून ब्रिटनमध्ये आलेल्या निकोलस कोव्हने १९३९ साली ही कंपनी काढली तेव्हा ती हवा भरलेली खेळणी करायची, पुढे कंगवे करू लागली. १९५३ साली तिने स्पिटफायर या लढाऊ विमानाचा जोडायचा संच आणला आणि स्वस्त प्लास्टिकची विमानं ब्रिटनमधल्या घराघरांत लटकू लागली. १९७० साली याच स्पिटफायरचा चोवीसपट लहान, दीड फुटी पंखांचा मोठा संच निघाला. त्यात छोटी मोटर बसवून पंखा फिरवण्याची सोय होती. दिवे आणि मोटर असलेल्या आजच्या मॉडेल्सचा हा एक पूर्वजच म्हणायचा.

आपल्या हातातली कला

हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणण्याचं कारण नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर बोटभर मावळे मांडणाऱ्या मुलांना प्रमाणबद्धता शिकवावी लागत नाही. तोफ मावळ्यापेक्षा मोठी झाली की तीच एकमेकांना हसतात. आणि गणपतीतले हलते देखावे? पडद्यामागे गिअरची मोटर, दांडे, खिळे आणि तारांचं जंजाळ, तर पडद्यापुढे हात वर-खाली करणारा भीम! हॅम्बुर्गच्या सरकत्या गाड्याचं आणि आपल्या मंडळाच्या देखाव्याचं नातं अगदी सख्ख्या भावंडांचं आहे. एनसीसीच्या हवाई शाखेतही एरोमॉडेलिंग शिकवलं जातं.

मग घरच्या टेबलावर दिवे लागणारं विमान करता येईल का? जरूर येईल. प्लास्टिकचा जोडायचा संच, थोडी हत्यारं आणि भरपूर सबुरी एवढ्यावर सुरुवात होते. विजेचं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमध्ये, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर सहज मिळतं.

दिव्यांसाठी लागतात तांदळाच्या दाण्याएवढे एलईडी. त्यांना थेट बॅटरी जोडली तर ते क्षणात जळतात, म्हणून मध्ये रेझिस्टर हवाच. नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर प्रत्येक दिव्याला ६८० ओहमचा रेझिस्टर लावावा. त्यातून साधारण दहा मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि मॉडेलला तेवढा उजेड पुरे होतो. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे. उलटा लावला तर पेटत नाही. तारा मोटर वाइंडिंगच्या केसासारख्या बारीक घ्याव्यात, पण टोकांवरचं व्हार्निश खरवडल्याशिवाय त्या जोडल्या जात नाहीत. जिथे एलईडी मावत नाही तिथे ऑप्टिकल फायबरचा धागा वापरावा. दिवा पोटात राहतो आणि उजेड पंखाच्या टोकाला पोचतो.

लुकलुकण्यासाठी ‘५५५’ नावाचा टायमर आयसी आहे. १९७२ पासून बाजारात असलेला हा आठ पायांचा चिमुकला किडा अजूनही हजर आहे आणि त्याची किंमत चहाच्या कपाएवढी. कपॅसिटर लहान-मोठा केला की मिचकावण्याची गती बदलते. ज्यांना स्ट्रोबचं दोनदा चमकणं हवं असेल त्यांच्यासाठी आर्डुइनोसारखे छोटे संगणकी बोर्ड आहेत. पंख्यासाठी जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर उत्तम. तिच्या टोकावरचं अर्धगोल वजन तेवढं काढावं लागतं. मोटर फार जोराने फिरते, म्हणून तिला कमी व्होल्ट द्यावेत. शिवाय तिच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, नाहीतर तिच्या खरखरीने टायमर भलतंच वागू लागतो.

नवशिक्यांचा घात करणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. पहिली म्हणजे प्लास्टिकमधून झिरपणारा उजेड. आत दिवा लावला की अख्खं विमान आकाशकंदिलासारखं उजळतं! म्हणून जोडण्याआधी आतून काळा रंग द्यावा आणि त्यावर चंदेरी. दुसरी म्हणजे सोल्डरिंग. सोल्डरचं टोक तीनशे अंशांच्या वर तापतं आणि हे प्लास्टिक शंभराच्या आसपासच मऊ पडतं. म्हणून सगळे जोड बाहेरच करून मग तारा आत घालाव्यात. तिसरी म्हणजे काचा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ लागली की पारदर्शक भागावर पांढरं धुकं बसतं, ते निघत नाही. तिथे आपला साधा फेव्हिकॉल बरा. चौथी म्हणजे तोल. मागे वजन जास्त झालं की विमान शेपटीवर बसतं. नाकात शिशाचे तुकडे किंवा नटबोल्ट आधीच भरून ठेवावेत. बॅटरी मात्र आत न ठेवता खालच्या स्टँडमध्ये ठेवावी आणि तारा चाकांच्या पायांमधून आणाव्यात, म्हणजे ती बदलता येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन अर्ध्या बाजू चिकटवण्याआधी सारे दिवे आणि मोटर निदान एक पूर्ण दिवस चालवून पाहावी. एकदा पोट बंद झालं की सुटलेली एक तार जोडायला अख्खं विमान फोडावं लागतं. पात्याचं आणि सोल्डरिंगचं काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावं. रंगाचा आणि गोंदाचा वास कोंडू नये म्हणून खिडकी उघडी असावी.

फायदा काय?

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी विचारला जातो. परीक्षेत गुण मिळत नाहीत, पगार वाढत नाही. पण एका विमानाचे दिवे लावता लावता मुलगा प्रवाह, दाब आणि रोध शिकतो, तेही ओहमचा नियम पाठ न करता. मुलगी पंखाचा कोन तपासताना भूमिती हाताळते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ वायुबोगद्यात ठेवून तपासतात तीसुद्धा विमानांची छोटी मॉडेल्सच असतात. खरं विमान उडायच्या आधी त्याचं धाकटं भावंडं वाऱ्याला तोंड देऊन आलेलं असतं.

याहून मोठा लाभ घरातला आहे. आजोबांचे स्थिर हात, वडिलांचं सोल्डरिंग, आईची रंगाची नजर आणि नातवंडांची न संपणारी घाई हे सगळं एका टेबलाभोवती जमतं. तिथे कुणी कुणाला घाई करून चालत नाही. रंग वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. एखादा रविवार तार शोधण्यात जातो, एखादा महिना काहीच होत नाही. मग एका रात्री घरातले दिवे मालवतात, कुणीतरी स्टँडवरचं बटण दाबतं, आणि डाव्या पंखाच्या टोकाला मोहरीएवढा लाल ठिपका उजळतो. उजवीकडचा हिरवा लागला नाही, तर उद्या पुन्हा बसायचं!